ज्यूल व्हर्न आणि त्याचे वाचक

लेखकाचे चरित्र लिहावयाचे म्हणजे त्याचा जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा आणि मृत्यू एवढे सांगितले की भागते, असा आपला एक समज आहे. उत्तरपत्रिकेपुरते ते भागतही असेल. पण काही लेखक असे असतात की त्यांचे अर्धेअधिक आयुष्य त्यांच्या वाचकांनी घडविलेले असते, आणि मृत्यूनंतरही ते वाचकांच्या हातून सुटत नाहीत. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न हा अशा लेखकांत अग्रगण्य होय. १८६३ पासून १९०५ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, तो एकच कादंबरीमाला लिहीत होता. 'अद्भुत प्रवास' हे तिचे नाव. त्याच्या हयातीत या मालेत ५४ कादंबऱ्या निघाल्या आणि मृत्यूनंतर निघालेल्या धरल्या तर हा आकडा साठाच्या वर जातो. आकाश, पाताळ, सागराचा तळ, ध्रुवप्रदेश, चंद्र, धूमकेतू यांपैकी काहीही या मालेने सोडले नाही.

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर संपला, आणि तो संपला म्हणून मी देवाचे आभारच मानले होते. तेव्हा विज्ञानकथेच्या आद्य प्रवर्तकावर लेख लिहिण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की व्हर्नही विज्ञानाचा पदवीधर नव्हता. तो कायद्याचा विद्यार्थी होता, नाटककार होऊ पाहत होता, आणि उपजीविकेसाठी शेअरबाजारात खपत होता. म्हणजे तो आपल्यापैकीच एक होता, असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही.

त्याचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी नांत या बंदराच्या गावी झाला. वडील वकील, घराणे सुखवस्तू. अकरा वर्षांचा असताना तो घरातून पळून एका जहाजावर चढला, वडिलांनी त्याला पुढच्या बंदरावर गाठून घरी आणले आणि यापुढे केवळ कल्पनेतच प्रवास करीन असे वचन त्याने दिले, अशी एक गोष्ट त्याच्या चरित्रांतून सांगितली जाते. गोष्ट मोठी गोड आहे. पण ती आली त्याच्या नात्यातील एका बाईंनी १९२८ साली लिहिलेल्या चरित्रातून आणि पुढच्या संशोधकांनी तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही. वाचकांना मात्र ती अजून हवी असते. घरात बसून जग फिरणारा लेखक असे त्याचे चित्र त्यांना प्रिय आहे. वास्तविक व्हर्न स्कॉटलंडला गेला, स्कँडिनेव्हियाला गेला, १८६७ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या अवाढव्य आगबोटीने अमेरिकेला जाऊन नायगारा पाहून आला आणि पुढे स्वतःच्या बोटीतून भूमध्य समुद्रातही हिंडला.

१८४८ च्या सुमारास कायद्याच्या अभ्यासासाठी तो पॅरिसला आला तो क्रांतीच्या धामधुमीत. कायदा झाला, पण मन रमले रंगभूमीवर. थोरल्या ड्यूमाच्या नाट्यगृहात १८५० मध्ये त्याचे एक छोटे नाटक झाले. पुढे एका संगीत नाट्यगृहाचा चिटणीस म्हणून त्याने काम केले, मासिकांतून गोष्टी लिहिल्या, १८५७ मध्ये दोन मुलींची आई असलेल्या ऑनोरीन या विधवेशी लग्न केले आणि संसार चालविण्यासाठी शेअरबाजारात शिरला. पहाटे उठून लिहावे आणि दिवसा दलाली करावी असा क्रम त्याने कित्येक वर्षे चालविला. चौतिसावे वर्ष उजाडले तरी पॅरिसमध्ये त्याचे नाव विशेष कोणाला ठाऊक नव्हते.

१८६२ मध्ये त्याची गाठ पिएर-ज्यूल हेत्झेल या प्रकाशकाशी पडली. हेत्झेल साधा पुस्तकविक्या नव्हता. बाल्झाक, ह्यूगो, जॉर्ज सँड यांचे ग्रंथ त्याने प्रसिद्ध केले होते आणि राजकीय मतांपायी परागंदा होऊन बेल्जियममध्ये काही वर्षे काढली होती. त्याने व्हर्नचे हस्तलिखित वाचले, सुधारावयास लावले आणि जानेवारी १८६३ मध्ये 'बलूनमधून पाच आठवडे' ही कादंबरी बाहेर पडली. आफ्रिका हा तेव्हा वर्तमानपत्रांचा आवडता विषय होता, नाईलच्या उगमाचा शोध चालला होता. झांझिबारहून निघालेले बलून थेट पश्चिम आफ्रिकेत उतरते ही हकीकत इतक्या तपशिलाने सांगितलेली होती की पुस्तक हातोहात खपले. प्रकाशक आणि लेखक यांच्यात करार झाला, व्हर्नने शेअरबाजाराला रामराम ठोकला आणि 'अद्भुत प्रवास' मालेचा जन्म झाला. भूगोल, भूगर्भ, भौतिकी आणि खगोल यांविषयी आधुनिक विज्ञानाने गोळा केलेले सारे ज्ञान कथारूपाने सांगावयाचे, असा या मालेचा संकल्प हेत्झेलने स्वतःच जाहीर केला होता. कादंबऱ्या प्रथम बहुधा त्याच्या पाक्षिकातून क्रमशः निघत, मग लहान आकारात आणि शेवटी लाल-सोनेरी बांधणीच्या सचित्र मोठ्या आकारात. नववर्षाला मुलांना भेट द्यावयाची म्हणून आईबाप ही लाल पुस्तके घेत. घराघरांत व्हर्न पोहोचला तो असा.

पण येथेच एक गोम आहे. हेत्झेल हा व्हर्नचा प्रकाशक होता, तसाच त्याचा पहिला वाचकही होता, आणि पुढे येणाऱ्या लाखो वाचकांच्या वतीने तोच निकाल देत असे. पहिल्या यशानंतर व्हर्नने त्याच्यापुढे एक वेगळीच कादंबरी ठेवली. ती शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे १९६० च्या पॅरिसविषयी होती. हेत्झेलने ती साफ नाकारली. या भविष्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि लेखकाच्या नावाला बट्टा लागेल, अशा अर्थाचे त्याचे मत पडले. व्हर्नने हस्तलिखित बासनात गुंडाळले. त्याविषयी मी पुढे सांगणार आहे.

दुसरी गोष्ट कॅप्टन हॅटेरासची. उत्तर ध्रुवाच्या ध्यासाने झपाटलेला हा कप्तान ध्रुवावरील ज्वालामुखीच्या मुखात उडी घेऊन मरतो, असा शेवट व्हर्नने लिहिला होता. हेत्झेलला तो मानवला नाही. छापील कादंबरीत हॅटेरास वाचतो, पण त्याचे मन जागेवर राहत नाही. इंग्लंडमधील वेड्यांच्या इस्पितळाच्या बागेत तो रोज फिरतो आणि त्याची पावले सदा उत्तरेकडेच वळतात. मला विचाराल तर हा शेवट मूळच्यापेक्षा अधिक जिव्हारी लागणारा आहे. वाचकाच्या आग्रहाने लेखकाचे नुकसानच होते असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

तिसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे, कारण ती कॅप्टन निमोची. 'समुद्रतळाखाली वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९-७० मध्ये निघाली. 'नॉटिलस' नावाच्या पाणबुडीतून सातही समुद्र पालथे घालणारा आणि एका अनामिक राष्ट्राच्या जहाजांवर सूड उगविणारा निमो कोण? व्हर्नच्या मनात तो पोलंडचा सरदार होता. १८६३ मध्ये रशियाने पोलिश उठाव चिरडला, त्यात त्याचे कुटुंब मारले गेले, अशी त्याची कल्पना. पण रशियात हेत्झेलच्या पुस्तकांना मोठे गिऱ्हाईक होते. तिकडच्या वाचकांना दुखवून चालणार नव्हते. निमोला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू करावा, असे हेत्झेलने सुचविले. व्हर्नने ते मानले नाही. दोघांच्या ओढाताणीत निमोचा देशच पुसला गेला आणि त्या रिकाम्या जागेमुळेच तो अमर झाला. वाचक विचारीत राहिले की हा माणूस कोणाचा? उत्तर १८७४-७५ मधील 'गूढ बेट' या कादंबरीत मिळाले. निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला. रशियाचा शत्रू इंग्लंडचा शत्रू झाला. फ्रेंच वाचकाला इंग्रजांवरचा सूड पचावयास अवघड नव्हता. आपल्याला निमोचा अभिमान वाटतो तो रास्तच आहे. पण एका परक्या बाजारपेठेच्या सोयीसाठी तो आपल्या वाट्याला आला, हेही ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय राजपुत्र दक्कर १८४९ मध्ये तीस वर्षांचा होता असे व्हर्न सांगतो. म्हणजे टिपूच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी जन्मलेला हा टिपूचा पुतण्या! इतिहासाच्या आमच्या प्राध्यापकांनी हे ऐकून भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल.

माला मोठी झाली की असे व्हावयाचेच. एका कादंबरीतील पात्र दुसरीत येते, तिसरीत पहिल्या दोघींचा हिशेब लागतो आणि तारखांचा मेळ मोडतो. 'कॅप्टन ग्रँटची मुले' या कादंबरीतील प्रवास १८६४-६५ सालचा आहे. तिच्या शेवटी आयर्टन नावाच्या गुन्हेगाराला एका ओसाड बेटावर सोडून देतात. 'गूढ बेट' मध्ये तोच आयर्टन सापडतो १८६६ मध्ये, आणि तोवर त्याची बारा वर्षे त्या बेटावर गेलेली असतात! निमोच्या बाबतीतही हाच घोळ आहे. चिकित्सक वाचकांनी बोट ठेवण्याआधीच पुस्तकात टीप घालून ही विसंगती मान्य करावी लागली. तरी वाचकांचे प्रेम उणावले नाही. उलट अशा चुका शोधणे हाच पुढे व्हर्नभक्तांचा एक छंद झाला.

या मालेत भारत आणखी दोनदा ठळकपणे येतो. १८८० च्या 'वाफेचे घर' या कादंबरीची सुरुवात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १८६७ मध्ये होते. नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे बक्षीस लावणारा जाहीरनामा तेथे भिंतीवर लागलेला असतो. पुढे वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती दोन चाकांवरची घरे ओढीत उत्तर हिंदुस्थानातून जातो. हत्तीची गंमत वाटते. पण मराठी वाचकाला या कादंबरीत सुख लागत नाही. ज्या लेखकाने निमोला १८५७ चा वीर केले, त्यानेच पाच वर्षांनी नानासाहेबांना क्रूर खलपुरुष म्हणून रंगविले. निमो काल्पनिक होता म्हणून त्याला औदार्य मिळाले आणि नानासाहेब खरे होते म्हणून युरोपीय वर्तमानपत्रांनी केलेली बदनामी त्यांच्या वाट्याला आली, असे मला वाटते. आवडत्या लेखकाशी भांडण्याचा वाचकाला हक्क आहे, हे मी या पुस्तकापासून शिकलो.

दुसरे पुस्तक म्हणजे 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'. ही कादंबरी 'ल ताँ' या दैनिकात ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ या काळात क्रमशः आली. कथेतील फिलिअस फॉगची पैज त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला लागते आणि २१ डिसेंबरला संपावयाची असते. म्हणजे वाचक रोज सकाळी ताज्या बातमीसारखी ही गोष्ट वाचीत होते. २० ऑक्टोबरला फॉग मुंबईस उतरतो आणि शहराकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचा नोकर पासपार्तू मात्र मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो. पुढे लोहमार्ग अपुरा असल्याचे कळते आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा मार्ग १८७० मध्येच जबलपूरला पुरा झाला होता! सतीच्या चितेवरून सोडविलेली नायिका औदा तर मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची कन्या. पारशी मुलगी सती कशी जाईल, हा प्रश्न पॅरिसच्या वाचकाला पडला नाही. आपल्याला पडतो. पण कादंबरी इतकी वेगाने धावते की प्रश्न विचारावयास उसंतच मिळत नाही. लहान आकारातील फ्रेंच आवृत्तीच्या एक लाखाहून अधिक प्रती व्हर्नच्या हयातीत खपल्या. १८७४ मध्ये या कादंबरीचे नाटक झाले, त्याचे चारशेहून अधिक प्रयोग झाले आणि खरा पैसा व्हर्नला त्यातूनच मिळाला.

या पुस्तकाने एका वाचकाला खरोखरच घराबाहेर काढले. नेली ब्लाय ही न्यूयॉर्कची तरुण वार्ताहर फॉगचा विक्रम मोडण्यासाठी १४ नोव्हेंबर १८८९ रोजी निघाली. वाटेत आमियाँ या गावी ती व्हर्नला भेटली. तुम्ही मुंबईस का जात नाही, असे त्याने तिला विचारले. आपल्याला एखाद्या तरुण विधवेचे प्राण वाचविण्यापेक्षा वेळ वाचवावयाचा आहे, अशा अर्थाचे मिस्कील उत्तर तिने दिले. घरातील नकाशावर व्हर्नने फॉगचा मार्ग आखून ठेवला होता, त्याच्याशेजारी त्याने तिचा मार्गही आखला. ७२ दिवसांत ती परतली. लेखकाने कल्पना करावी आणि वाचकाने ती पुरी करून लेखकाला मागे टाकावे, याहून मोठी दाद कोणती?

अशी दाद मिळत असूनही व्हर्न समाधानी नव्हता. १८७१ नंतर तो पत्नीच्या गावी, आमियाँला स्थायिक झाला. पहाटे पाचला उठून दुपारपर्यंत लिहावे, मग वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रे आणि शास्त्रीय मासिके चाळावी, टिपणे काढावी असा त्याचा दिनक्रम होता. त्या टिपणांची संख्या हजारोंच्या घरात गेली. वर्षाला दोन खंड द्यावयाचे असा करार होता आणि तो त्याने इमानाने पाळला. लिहिण्याचा हा वेग पाहून इटलीत तर अशी अफवा उठली की ज्यूल व्हर्न नावाचा माणूसच नाही, लेखकांची एक मंडळी त्या नावाने लिहिते. १८९५ मध्ये एदमोंदो दे अमिचिस हा इटालियन लेखक मुलांना घेऊन त्याला भेटून आला आणि हा माणूस खरा आहे, अशी ग्वाही त्याने आपल्या देशबांधवांना दिली.

माणूस खरा होता आणि त्याचे दुःखही खरे होते. फ्रान्समध्ये सर्वांत अधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी तो एक होता. पण फ्रेंच अकादमीने त्याला कधी आपले म्हटले नाही. मुलांना भेट द्यावयाच्या लाल पुस्तकांचा लेखक, एवढीच त्याची ओळख विद्वानांत होती. फ्रेंच साहित्यात आपल्याला काहीच स्थान मिळाले नाही ही आयुष्यातील मोठी खंत आहे, असे १८९३ मध्ये त्याने एका मुलाखतकाराला सांगितले. लाखो वाचकांचे प्रेम मूठभर पंडितांच्या उपेक्षेची भरपाई करू शकत नाही काय? निदान व्हर्नच्या बाबतीत ते करू शकले नाही.

१८८६ हे वर्ष त्याच्या आयुष्यातील सर्वांत काळे. ९ मार्चला मानसिक आजाराने पछाडलेल्या त्याच्या लाडक्या पुतण्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी पायात शिरली आणि तो जन्माचा लंगडा झाला. आठवडा उलटतो न उलटतो तोच हेत्झेल वारला. पुढे आमियाँच्या नगरपालिकेत निवडून येऊन त्याने गावाची पुष्कळ कामे केली, पण कादंबऱ्यांवर छाया पडत गेली. विज्ञान सत्तेच्या आणि पैशाच्या हाती गेले तर काय होईल, ही चिंता उत्तरकाळात अधिकाधिक दिसते. वाचकांना ती नको होती. त्यांना पुन्हा बलून, पुन्हा पाणबुडी, पुन्हा फॉग हवा होता. एके काळी लाखाने खपणाऱ्या लेखकाची नवी पुस्तके काही हजारांवर थबकू लागली.

याच काळातील एका वाचकाची प्रतिक्रिया तर न्यायालयात गेली. १८९६ च्या एका कादंबरीत व्हर्नने एक भयंकर स्फोटक शोधून काढणारा आणि देशाने झिडकारलेला वेडा शास्त्रज्ञ रंगविला. हा मीच, असे म्हणत यूजेन तुर्पँ या रसायनशास्त्रज्ञाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. पुढे फ्रान्सचा अध्यक्ष झालेला रेमाँ प्वँकारे हा व्हर्नचा वकील होता. व्हर्न खटला जिंकला. पण भावाला लिहिलेल्या खाजगी पत्रांवरून दिसते की पात्र रंगविताना तुर्पँ त्याच्या मनात होता. कधी कधी वाचकाला बरोबर कळलेले असते, ते असे!

२४ मार्च १९०५ रोजी मधुमेहाने जर्जर झालेला व्हर्न आमियाँ येथे वारला. तेव्हाही त्याच्या कपाटात कित्येक हस्तलिखिते तयार होती. ती त्याचा मुलगा मिशेल याने प्रसिद्ध केली. वाचकांनी बापाच्या म्हणून ती वाचली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मूळ हस्तलिखिते एका इटालियन व्हर्नभक्ताच्या हाती आली आणि मग उलगडा झाला की मिशेलने त्यांत प्रकरणेच्या प्रकरणे घातली होती, पात्रे बदलली होती, शेवट फिरविले होते. १९८५ पासून मूळ संहिता छापल्या जाऊ लागल्या. मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी लेखकाला त्याचे शब्द परत मिळाले, आणि ते मिळवून दिले वाचकांनी. अकादमीने हे केले नाही, हे नोंदविण्यासारखे आहे.

परभाषेत त्याची अशीच परवड झाली. 'वीस हजार लीग' चे १८७२ साली झालेले इंग्रजी भाषांतर एका धर्मोपदेशकाने केले. त्याने सुमारे एक चतुर्थांश मजकूर गाळला. अमेरिकेतील 'बॅडलँड्स' या प्रदेशाच्या नावाचा अर्थ 'नकोसा प्रदेश' असा लावण्याइतका तो अजाण होता. राजकारण आणि गणित गळाले, राहिली ती साहसे. इंग्रजी वाचकांनी त्याला मुलांचा लेखक ठरविले यात त्यांचा दोष किती आणि भाषांतरकाराचा किती? १९६० नंतर नवी भाषांतरे झाली तेव्हा कोठे हे मत बदलू लागले. फ्रान्समध्येही रोलाँ बार्थसारख्या समीक्षकांनी १९५० च्या आसपास त्याच्याकडे गंभीरपणे पाहिले. २०१२ मध्ये तेथील मानाच्या 'प्लेयाद' ग्रंथमालेत त्याचा समावेश झाला.

मराठीत तो त्याच्या हयातीतच आला. १९०० साली 'केरळकोकिळ' मासिकातून 'चंद्रलोकची सफर' क्रमशः येऊ लागली. पुढे भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी' आणि इतर अनेक रूपांतरांतून व्हर्नला मराठी कुमारांच्या घरचाच करून टाकले. भागवतांच्या भाषेतला खट्याळपणा मूळ व्हर्नमध्ये कितपत आहे हा वादाचा विषय होईल. पण ग्रंथालयांतील त्या पुस्तकांची पाने खिळखिळी झालेली असतात, हा वाद न होण्यासारखा पुरावा आहे.

आमच्या वसतिगृहात मी व्हर्नची तीन-चार पुस्तके फिरविली आणि प्रतिक्रिया गोळा केल्या. एकाने सांगितले की माशांच्या याद्या आल्या की तो पाने उलटतो. विज्ञान शाखेच्या एका मित्राने तोफेतून चंद्रावर जाणारे प्रवासी पहिल्याच धक्क्याला ठार होतील, हे गणित करून दाखविले. मी त्याला सांगितले की हेच गणित हेर्मान ओबेर्थ नावाच्या मुलाने व्हर्न वाचून केले होते आणि तोफ नाही तर मग काय, असा विचार करता करता तो अग्निबाणाच्या जनकांपैकी एक झाला. रशियाच्या त्सिओल्कोव्स्कीलाही या विचाराची प्रेरणा व्हर्नपासूनच मिळाली होती. मराठी घेतलेल्या एका मैत्रिणीने विचारले की या पुस्तकांत बायका आहेत कोठे? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि व्हर्नजवळही फारसे नसावे.

आता त्या बासनातल्या कादंबरीकडे वळतो. हेत्झेलने नाकारलेले ते हस्तलिखित व्हर्नच्या पणतूला एका जुन्या तिजोरीत सापडले आणि १९९४ मध्ये 'विसाव्या शतकातील पॅरिस' या नावाने छापले गेले. एकशे एकतीस वर्षांनी ते वाचकांपुढे आले आणि फ्रान्समध्ये धडाक्याने खपले. तीत विजेचे दिवे आहेत, घोड्यांवाचून धावणाऱ्या गाड्या आहेत, चित्रे दूर पाठविणारे तारायंत्र आहे. पण तिचा नायक कोण? लॅटिन काव्यरचनेचे पारितोषिक मिळविणारा एक तरुण. बक्षीस समारंभात त्याचे नाव पुकारताच लोक हसतात. पुस्तकाच्या भव्य दुकानात तो ह्यूगोचे ग्रंथ मागतो, तर ते नावही विक्रेत्याला ठाऊक नसते. नातेवाईक त्याला बँकेत चिकटवितात, तेथे तो टिकत नाही. शेवटी उपाशीपोटी, बर्फात, कवींच्या थडग्यांमध्ये तो कोसळतो.

वाचकहो, हे मी वाचले तेव्हा मला हसू आले नाही. कला शाखा घेतली म्हणून नातेवाइकांनी केलेले प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहेत. यंत्रांच्या प्रेमात पडलेला म्हणून ज्याला जग ओळखते, त्याने आरंभीच लिहून ठेवले होते की यंत्रे सारी येतील, पण कवीला विचारणारे कोणी उरणार नाही. त्याची ही भीती त्याच्या पहिल्या वाचकाने कुलपात घातली आणि त्याच्याकडून मागून घेतल्या त्या आशा. त्या आशांवर शास्त्रज्ञांच्या पिढ्या वाढल्या हे खरेच आहे. हेत्झेल चुकला असे मी म्हणू धजत नाही. ते पुस्तक तेव्हा निघते, तर कदाचित माला मूळ धरण्याआधीच खुंटली असती, आणि मग निमोही नाही, फॉगही नाही. पण आपल्या लाडक्या लेखकाकडून आपण काय मागतो, आणि त्या मागणीपायी तो काय गिळून बसतो, याचा विचार वाचकाने कधी तरी करावा, एवढे तरी या चरित्रावरून शिकता येते.

जगात सर्वाधिक भाषांतरित झालेल्या लेखकांत व्हर्नचे नाव आज अगदी वर आहे. अकादमीतील ज्या थोरांनी त्याला दाराबाहेर ठेवले, त्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात व्हर्नची पुस्तके कुमारसाहित्याच्या कपाटात, सर्वांत खालच्या खणात आहेत. ती तेथून वर हलवावी, अशी ग्रंथपालांना माझी नम्र विनंती आहे. तोवर विद्यार्थी बंधुभगिनींनी थोडे वाकावे, आणि एक तरी काढून वाचावे. आवडले नाही तर भांडावे. व्हर्नच्या वाचकांनी गेली दीडशे वर्षे तेच केले आहे.